अयुथयाच्या काळातले खेकडे

४ मार्च, बुद्ध संवत २५६७
खेकडा संशोधन केंद्रावर पाच होतकरू शास्त्रज्ञ. संशोधनाच्या नोंदी कशा सांभाळायच्या हे शिकवायचं काम डॉक्टर सुतीवानबाईंनी माझ्यावर टाकलं. योग्य केलं. शाळा चौथीपर्यंत, पण खेकडे मोजून लिहितोय एकतीस वर्षं. पोरांनी मला आचान, म्हणजे गुरुजी, म्हणावं असं ठरवलंय.

५ मार्च
सगळे लुंग म्हणतात. काका! उद्यापासून सुधारतील.
धडा पहिला: एक फाइल, एक जागा, केंद्राचा संगणक. माप्राव नावाची पोरगी म्हणाली, लुंग, प्रती तर हव्यातच. मी विचारलं, नवरे किती ठेवणार? वर्ग हसला. ती हसली नाही. तिनं तीन वर्षं धक्क्यावर खेकडे मोजलेत, पुढच्या महिन्यात प्रबंधाचे परीक्षक येणार. डोकं तापलेलं असणार.
सगळ्यांचे पेन ड्राइव्ह समोर बसून रिकामे करून घेतले. माप्रावनं दोनदा विचारलं, नक्की ना? म्हटलं, एकतीस वर्षं!

७ मार्च
धडा दुसरा: टाइप झालं की कागद टाका. स्वतः करून दाखवावं म्हणून माप्रावच्या मोजणीच्या वह्या तळलेली केळी विकणाऱ्या मावशीला पिशव्या करायला देऊन टाकल्या. कपाट मोकळं. तिला अजून सांगितलं नाही. खूश होईल.

११ मार्च
साफसफाईचा धडा. तयारी म्हणून माप्रावची फाइल उघडली. साल काय, तर २०२०, २०२१, २०२२! म्हणजे साडेपाचशे वर्षांपूर्वीचे, अयुथयाच्या राजांच्या काळातले खेकडे. शिकलेल्यांचं हे असं. चार हजार ओळी पुसल्या. फाइल कशी हलकी झाली.

१२ मार्च, सकाळी
माप्राव धावतच आली. ते फिरंगी साल होतं म्हणाली, परीक्षक परदेशातले! आपल्यातून पाचशे त्रेचाळीस वजा करायचे, शाळेतलं पोरही जाणतं. मीही जाणतो. पण तिनं वर लिहायला नको? धीर दिला. म्हटलं, रडू नको, वह्या आहेत ना.
मग आठवलं.

१२ मार्च, दुपारी
मावशी म्हणाली, आत्ता सुचलं होय म्हाताऱ्या? कागदाला वास होता, पण तेल छान प्यायचा. अकरा पिशव्या उरलेल्या. दोन वाचता आल्या. एकीवर चौदा माद्या. दुसरीवर 'वारा फार'.
माप्रावला दिल्या. तिनं घडी घालून ठेवल्या.

१३ मार्च
संगणकवाला म्हणतो, प्रत कुठेच नाही, पोरांनी एकही लपवून ठेवली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी माझं ऐकलं.

१९ मार्च
परीक्षा रद्द. माप्रावची शिष्यवृत्ती बंद. सुतीवानबाई म्हणाल्या, वर्ग थांबवू या. मी म्हटलं, तीनच धडे राहिलेत. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. विचार करत असाव्यात.

२ एप्रिल, पहाटे पाच
धक्क्यावर. माप्राव पुन्हा पहिल्यापासून मोजतेय. दुपारी भावाच्या गॅरेजात बसते, सकाळी इथे. तीन वर्षं लागतील. खेकडेही पूर्वीसारखे येत नाहीत.
म्हटलं, या खेपेला नोंदी मी लिहितो, अनुभव आहे. तिनं वही छातीशी घट्ट धरली. म्हणाली, लुंग, तुम्ही नुसती टोपली धरा.
धरली.