माझ्या सणाच्या डिर्न्डलची व्यवस्था

मी, फिलोमेना ग्रासहोफर, वय वर्षे ७८, राहणार आउसे खोरे, धंदा बायकांचे डिर्न्डल शिवणे, अविवाहित, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने व कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, असे लिहिते. सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवते. डोके ठिकाणावर असल्याचा एवढा पुरावा पुरे.

घर व बँकेतली शिल्लक भाऊ आलोइस याला. कोंबड्याही त्यालाच. तशाही अर्ध्या त्याच्याच पोटात गेल्या आहेत.

कात्री व इस्त्री रोझिना शिंपिणीला. तिने जन्मभर माझी गिऱ्हाइके पळवली, पण चेनवाले तयार झगे कधी विकले नाहीत. म्हणून माफ.

माझा सणाचा डिर्न्डल, म्हणजे हिरवी चोळी, गुलाबी परकर आणि जांभळा एप्रन, संग्रहालयाला देऊ नये. तिथले साहेब येऊन म्हणाले, "बाई, काचेत शंभर वर्षं टिकेल." मी म्हटलं, "आणि नाचेल कोण, तुम्ही?" तो माझ्या आईने शिवला आणि मी घाम गाळून मिरवला. खोऱ्यात त्याच्या तोडीचा दुसरा नाही, हे जबाबदारीने लिहिते.

तो माझी भाची बुर्गी हिला द्यावा. बुर्गी अंगाने भरलेली आहे. गेल्या जूनमध्ये चर्चच्या मिरवणुकीला सगळ्या बायका नटून निघाल्या, आणि ही घरी भांडी विसळत राहिली. कारण तिची आई, माझी भावजय क्रेसेन्झ, चारचौघांत म्हणाली, "आधी दहा किलो उतरव, मग आमच्याबरोबर चाल. तुला डिर्न्डल नाही, तंबू लागेल!" बुर्गी मला म्हणाली, "जाऊ दे गं आत्या, मला हौसच नाही." ते मला अजून सलते.

तर क्रेसेन्झने नीट वाचावे. आमच्याकडे कापडाप्रमाणे बाई बेतत नाहीत, बाईप्रमाणे कापड बेततात. आईने प्रत्येक शिवणीत भरपूर माया ठेवली आहे आणि परकराच्या चुण्यांत आणखी एक बाई मावेल. मीही तो वेळोवेळी सैल केला, आणि दर वेळी आधीपेक्षा देखणी दिसले. रोझिनाने तो बुर्गीच्या मापाचा करावा. त्या वेळी क्रेसेन्झला खोलीत घेऊ नये.

माझ्या शवपेटीपुढे, सगळ्या गावाच्या पुढे, बुर्गीने तो घालून चालावे. रोझिनाचे काम तोवर संपले नसेल तर पाद्रीबाबांनी पेटी उचलू देऊ नये. शेवटचा टाका पडेपर्यंत मी थांबेन. मला कुठे घाई आहे?

आउसे, १४ मे १९८८
सही: फिलोमेना ग्रासहोफर

आमच्यासमोर सही केली:
१. लेओपोल्ड विमर, खाणावळवाला
२. थेक्ला होलवोएगर, सुईण