मधल्या गावात उतरायचं

अण्णा, मी इटलीला चाललेय. तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला ओरडून सांगावं असं पहिल्यांदाच काही घडतंय. मी, मुलगा आणि सून, बारा दिवस. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस. शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला, भिंतीवरच्या नकाशात तो बूट पट्टीने शेकडो वेळा दाखवला, आणि आता खरोखर तिथे पाय ठेवणार. साठी आली तरी हसू आवरत नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय हो, एकट्याच हसताय?" मी म्हटलं, "मग काय, हसायला तुम्हाला बोलावणं धाडू?" इतकी मी माजलेय.

पण खरी गंमत त्या तीन शहरांत नाही. रोम ते फ्लॉरेन्सच्या वाटेवर टेकड्यांच्या माथ्यावर लहान लहान गावं बसलीत. दगडी घरं, भोवती तटबंदी, आत जायला वेस. मला त्यातलं एक हवं होतं. नुसतं खिडकीतून बघायला नव्हे. उतरून, वर जाऊन, मुक्कामाला. मुलगा म्हणाला, "आई, फास्ट ट्रेनने दीड तासात फ्लॉरेन्स येतं. मध्ये उतरायचं, बॅगा ओढायच्या, परत चढायचं, कशाला? आणि तुझे गुडघे?" हिंजवडीच्या नोकरीसाठी रोज दोन तास बसमध्ये बसणाऱ्या माणसाला कुठेही दीड तासात पोचणं म्हणजे मोक्ष वाटतो, त्याला मी तरी काय बोलणार? शेवटी असं ठरलं की रविवारी तिकिटं काढायची, तोवर मी माझ्या गुडघ्यांना झेपेल असं गाव शोधलं तर ठीक, नाहीतर सरळ फ्लॉरेन्स. हातात सहा दिवस होते.

ही मधल्या गावाची खोड तुमचीच. वाईला आत्याकडे जाताना आपण सरळ असे कधी गेलोच नाही. खंबाटकीच्या अलीकडे कुठेतरी तुम्ही कंडक्टरला बेल मारायला सांगायचात आणि आपण दोघं रस्त्याच्या कडेला उतरायचो. मी दहा वर्षांची आहे, हातात भाकरीचं फडकं आहे, समोर डोंगराच्या सोंडेवर एक गाव आहे. तुम्ही चिंचेखाली बसता, मांडीवर नकाशा उलगडता आणि सांगू लागता, ही वेस, आत गेलं की देऊळ, देवळामागे पाण्याचं टाकं, तिथून वाट वळते ती पाटलाच्या वाड्याकडे. गाव न बघता सगळं तोंडपाठ. मी म्हणते, "चला ना वर." तुम्ही म्हणता, "वर काय बघायचंय? सगळं इथे आहे." आणि नकाशावर बोट आपटता. मग भाकरी, लसणाची चटणी आणि पुढची बस. दर वेळी गाव वेगळं, पण बसायचं पायथ्यालाच. मला राग यायचा. तुम्हाला चढायचा कंटाळा आहे असं मी खुशाल धरून चालले होते.

तुम्ही गेल्यावर आत्याने सांगितलं. आपल्या गावात आपली घरं उताराच्या खाली, वेशीबाहेर. तुम्ही लहान असताना एकदा बाजाराच्या दिवशी वर गेलात, वेशीतून आत. आत्या म्हणाली, "चारचौघांत हाकलला गं त्याला, कुत्र्यावानी. मंग तो कुठल्याच गावात वर चढला न्हाई. धम्म घेतला, पुण्याला नोकरी लागली, साहेब लोक नाव घ्यायचे, तरी न्हाई." मी त्या दिवशी खूप रडले, अण्णा. तुमच्यासाठी रडले आणि माझ्या त्या रागासाठीही.

तरी नकाशातली गावं तुमचीच होती. पाटबंधारे खात्यात तुम्ही ट्रेसर, मोजणीदारांनी आणलेले आकडे जोडून टेकड्या काढणारे. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, त्यांना तुम्ही काँटूर म्हणायचात, आमच्या पुस्तकात समोच्चता रेषा. मला ते कळेना तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात आईचा बटाटा उचललात, अर्धा कापून पातेल्यात पालथा घातलात, आणि बोटाबोटाने पाणी वाढवत प्रत्येक वेळी पाण्याच्या कडेने सुईने रेघ ओढलीत. मग पाणी ओतून म्हणालात, "आता वरून बघ." एकात एक कडी! आई म्हणाली, "आता ती टेकडी भाजीला द्या." दुसऱ्या दिवशी मी मोठ्या तोऱ्यात स्वतःची टेकडी काढली आणि तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. माझी एक रेघ दुसरीवर चढली होती. "एकच जागा नव्वद मीटरवर पण आणि शंभर मीटरवर पण? गाव काय हवेत टांगणार आहेस?" कागद टराटरा फाडलात. कान असे लाल झाले होते माझे! पण तीस वर्षांत माझ्या वर्गातल्या एकाही पोराची रेघ मी दुसरीवर चढू दिली नाही.

तर या आठवड्यात मी काय केलं असेल? सुनेने मोबाइलच्या नकाशात समोच्चता रेषा कशा दाखवायच्या ते शिकवलं आणि मी सुटलेच. डाळ दोनदा करपली. मुलाने मन राखायला एक गाव सुचवलं होतं, स्पेल्लो, खोली स्टेशनपासून 'दहा मिनिटांवर'. मी रेषा मोजल्या. दहा मिनिटं कसली, सामान घेऊन पर्वती चढायची! अंतर मोजणाऱ्याने चढ बघितलाच नव्हता. मग कोर्तोना पाहिलं. तिथे रेषा इतक्या दाट की घरातून दूध आणायला निघालं तरी धाप लागावी. गुरुवारी मला ओर्व्हिएतो सापडलं. अण्णा, काय नकाशा आहे तो! कडेने सगळ्या रेषा एकमेकींना चिकटून एकच जाड काळी रेघ झालीय, म्हणजे सरळ कडा. आणि त्या रेघेच्या आत जवळजवळ काही नाही. रिकामं. म्हणजे वर सपाट! डोकं कापलेल्या डोंगरावर अख्खं गाव बसलंय. आणि स्टेशनसमोरूनच दोरावर ओढलेली छोटी रेल्वे थेट वर जाते. मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

रविवारी मुलगा आणि सून वाघोलीहून जेवायला आली. मी मंडईतून मुद्दाम मोठा बटाटा आणला होता. त्याचं डोकं सपाट कापलं, कडा उभ्या तासल्या, पाण्यात ठेवला, सुई घेतली. सून वाकून बघत होती. ती एकदम ओरडली, "अय्या आई, म्हणजे वर फ्लॅट आहे! एकदा वर गेलो की चढच नाही!" शाबास. पण मुलगा लॅपटॉपवरून मान वर काढेना. "मान्य, गुडघ्यांचा प्रश्न सुटला. पण तिथे आहे काय? एक मोठं चर्च. चर्चेस आपण रोममध्ये ढिगाने बघणार आहोत." मी म्हटलं गल्ल्या आहेत, चौक आहे. "आई, गल्ल्या बघायला इतक्या लांब?" त्याचं बोट फ्लॉरेन्सच्या थेट तिकिटावर टेकलेलं. मग तो थांबला आणि साध्या आवाजात म्हणाला, "तुला का एवढं जायचंय, ते तरी सांग."

आत्याचं बोलणं मी त्याला कधी सांगितलेलं नाही. सांगता आलं असतं. बटाटा हातात होता, पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. मी म्हटलं, "तुझे आजोबा मला न्यायचे. कुठेही जाताना मध्ये उतरायचं आणि वर जायचं. माझा हात धरून वेशीतून आत, पार देवळापर्यंत. लोक पारावर बसायला जागा करायचे, पाणी द्यायचे."

आता त्याने लॅपटॉपवरून मान वर काढली. तुम्ही गेलात तेव्हा तो जेमतेम चालायला लागला होता. "मग आधी का नाही बोललीस?" म्हणाला, आणि ओर्व्हिएतोच्या दोन रात्री नक्की केल्या. एक नव्हे, दोन! खोलीही त्यानेच निवडली, वेशीच्या आतली. मघाशी वाघोलीला परत जाताना जिन्यावरून बायकोला सांगत होता, "आजोबा म्हणजे एकदम भारी माणूस होते."

हे पत्र कुठे जायचं नाही. प्रवासाच्या फायलीत व्हिसाच्या कागदांमागे ठेवून देईन. कबूल करते, अण्णा, मी खोटं बोलले, आणि बोलताना एकदाही अडखळले नाही. तुमचा नातू तुम्हाला आता वेशीतून ताठ आत गेलेला माणूस म्हणून ओळखतो. मी त्याला खरं सांगणार नाहीये.