मामाच्या वरच्या शेतातला जिप्सम

२६ ऑगस्ट

ती. ओइवामामांस,
इल्ताचा सा. न. वि. वि.

तरीही मी म्हणणारच, की तुमच्या शेताचं गढूळ पाणी आमच्या खाडीत येतं. तुम्ही फोन आपटलात म्हणून हे वाक्य अर्धं राहिलं होतं.

जुलैमध्ये खाडी वाटाण्याच्या सूपसारखी हिरवी झाली होती. आईने जाळं ओढलं तर चार मासे आणि बाकी सगळं शेवाळ. तुमची सख्खी बहीण आहे ती. शेतातला फॉस्फरस मातीबरोबर वाहत येतो आणि ते शेवाळ पोसतो. कापणीनंतर हेक्टरी चार टन जिप्सम टाकला की माती फॉस्फरसला धरून ठेवते. खर्च सरकारचा, पसरायला माणसं आमच्या योजनेची. तुम्ही फक्त नांगर घालायच्या आधी हो म्हणायचंय. गावातले आठ जण तयार आहेत. तुमचंच काय अडलंय?

राग निवळला तर लोभ असू द्या.
इल्ता

३१ ऑगस्ट

चि. इल्तास,
अ. आ. (रीत आहे म्हणून लिहिला.)

वाटणीत तुझ्या आईने किनारा मागून घेतला, चिखल मला दिला. आता तोच चिखल खाली आला तर बोंब मारते. तुम्ही सौनात वाफ घेऊन आंघोळी करता, ते साबणाचं पाणी कुठे जातं, आभाळात?

खालच्या बारा हेक्टरांवर टाक तुझा जिप्सम, म्हणजे तिचं तोंड तरी बंद होईल. वरच्या तुकड्याला हात लावायचा नाही. नवे बूट घालून कुणाला उतार कळत नसतो.

मी तिची खुशाली विचारली म्हणून तिला सांगू नकोस.
ओइवा

११ सप्टेंबर

ती. मामांस, सा. न.

ट्रक परत पाठवलात. रस्त्यात ट्रॅक्टर आडवा घालून वर कॉफी पीत बसला होतात म्हणे. नकाशात वरचा तुकडा समुद्राकडेच उतरतो, म्हणून मी तो यादीत घातला. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही नाहीच म्हणाला असतात.

काल गावसभेत मी सगळ्यांसमोर सांगितलं, की ओइवामामा निव्वळ खुन्नस म्हणून अडवतायत. आईनेही होकारार्थी मान डोलावली. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच कळवते.

लोभाचं तुम्हीच ठरवा.
इल्ता

१४ सप्टेंबर

इल्ता,

नकाशाला दिसतो तो जमिनीवरचा उतार. मी शाळेत असताना तुझ्या आजोबांबरोबर त्या तुकड्याखाली पाणी निचरायचे नळ पुरले. समुद्राकडे खडक लागला, म्हणून उलटे फिरवून मागच्या तळ्यात सोडले. हे कागदावर कुणी मांडलं नाही. आम्हाला माहीत होतं, तेवढं पुरे होतं.

जिप्सममधलं सल्फेट तळ्यात गेलं की तळं बिघडतं, समुद्राला चालतं. हे तुझ्याच पत्रकात पान दोनवर आहे. तू छापलंस, मी वाचलं.

शनिवारी परत सभा आहे. जिथे उभं राहून माझं नाव घेतलंस, तिथेच चूक कबूल कर. नाहीतर खालचे बारा हेक्टरही विसर. कोरडे दिवस फार उरले नाहीत.

ओइवा

१७ सप्टेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि. (रीत म्हणून नाही.)

काल फावडं घेऊन तळ्याकाठी गेले होते. लव्हाळ्यात नळाचं तोंड सापडलं. तुमच्या खिडकीकडे बघून हात केला, तुम्ही पडदा ओढलात. ठीक आहे. चूक माझी, आणि खुन्नस हा शब्दही माझा.

पण मी नकाशा चुकीचा म्हटला की बाकीचे आठ जण विचारतील, मग आमच्या शेतांचं काय? मला माहीत नाही. प्रत्येकाचे नळ शोधायला दोन आठवडे लागतील, पाऊस त्याआधी येईल, मग ओल्या शेतात गाडी उतरणार नाही. त्यांनी अंग काढून घेतलं तर हिवाळाभर सगळा चिखल खाडीत. नकाशाबद्दल गप्प बसून फक्त तुमची माफी मागितली तर जिप्सम पडेल, पण आणखी कुणाचा नळ तळ्यात जात असला तर?

आईला विचारलं नाही, ती किनाऱ्याच्याच बाजूने बोलेल. सध्या तुम्ही मला मुळीच आवडत नाही, मामा. पण या गावात मातीखाली काय आहे ते तुमच्याएवढं कुणालाच ठाऊक नाही.

थोडा लोभ शिल्लक असेल तर शनिवारच्या आत उत्तर टाका.
इल्ता

ता. क. तुम्ही माझ्या जागी असतात तर सभेत उभं राहून सगळं बोलला असतात, की सगळीकडे जिप्सम पडून होईपर्यंत नकाशाचं झाकून ठेवलं असतंत?