मागे कुणी नसताना

तुला,

हे पाठवणार नाहीये, त्यामुळे घटस्फोटानंतर काय म्हणून हाक मारायची हा प्रश्नच नाही.

आपला जुना राजमार्ग या वेळी एकट्यानेच सायकलवर करतोय. झाडं तीच आहेत, गुडघा तेवढा कुरकुरतो. खड्डा आला की डावा हात आपोआप खाली जातो, मागच्याला दाखवायला. काल माझ्या खुणा पाहून चहावालीने विचारलं, "मागची मंडळी किती लांब आहेत? चहा टाकून ठेवू?" मी म्हटलं, "नको."

शेवटच्या सफरीत तू म्हणाली होतीस, "दर खड्डा दाखवत जाऊ नकोस रे. डोळे मलाही आहेत." मी दाखवतच राहिलो. त्यानंतर तू माझ्या मागे सायकल चालवलीच नाहीस.

म्हणून आज ठरवलं, हात हलवायचा नाही. दगडी पुलाजवळ भला मोठा खड्डा होता. हात जाऊ नये म्हणून हँडल गच्च धरलं आणि त्या नादात खड्डा चुकवायचंच राहिलं. पुढचं चाक वाकून आउट झालं, कोपर सोललं.

सायकल दुरुस्त करणारा म्हणाला, "एवढा मोठा खड्डा दिसला नाही होय?"

"दिसला की," मी म्हटलं, "पण मागे कुणी नव्हतं."

चाक सरळ होण्याची वाट बघत,
मी