चंपाची कात

पेण

प्रिय नूतन,

तुझी डबी परवा पोचली. वरची चिठ्ठी वाचली, 'चंपा गेली गं. तू बघू नकोस, तशीच पुरून टाक.' कारखान्यात, अर्धवट रंगलेल्या गणपतींच्या मधोमध बसून मी ढसाढसा रडले. लोक माणसांसाठी रडतात, मी तळहाताएवढ्या केसाळ कोळ्यासाठी.

पाच वर्षांपूर्वी टॅरँट्युला पाळणार म्हटल्यावर मला वेडी न म्हणणारी तू एकटीच होतीस. म्हणून तर दर सीझनला इथे रंगाचा फवारा सुरू झाला, की तो वास चंपाला सोसायचा नाही म्हणून तिची काचेची पेटी मांडीवर घेऊन मी रोह्याला तुझ्या घरी ठेवायला यायची. यंदा तू म्हणालीस, ह्यांच्या कंपनीतल्या शिफ्टमुळे घर खायला उठतं, चंपा असली की कुणीतरी आहेसं वाटतं. मी हसले होते. तेव्हाच उमजायला हवं होतं.

काल पुरायला निघाले, तर कारखान्यातल्या गोदूबाईंनी अडवलं. "डबीसकट पुरू नको गो, पिलास्टिक हाय ते." मी तोंड फिरवलं, झाकण त्यांनीच काढलं. "आगो, ही नुसती कात हाय. आत काय नाय!" वळून पाहिलं तर पाठीवरच्या कवचाचं टोपण सुटलेलं, आठही पाय शाबूत, आणि आतून सगळं पोकळ. जन्मभर साच्यातून मूर्ती काढणाऱ्या गोदूबाईंना पोकळ काय नि भरीव काय, हे शिकवू नकोस.

चंपा जिवंत आहे आणि तुझ्याकडेच आहे. मागितली असतीस तर कडाकडा भांडले असते, आणि कदाचित दिलीही असती. पण मेलेल्याचं तोंड मला बघवत नाही, हे जगात फक्त तुला ठाऊक. बाबा गेले तेव्हा माझा हात धरून अंगणात तूच बसली होतीस. नेमकं तेच वापरलंस. केसाने गळा कापलास माझा.

कालपासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र शेजारच्या रितेशच्या हाती देतेय, तो कामाला रोह्यालाच येतो. भांडण मी विसर्जनानंतर येऊन करीन, हे त्यासाठी लिहिलेलं नाही. कात टाकल्यावर चंपाचे दात मऊ असतात. पंधरा दिवस तिला काही खायला घालायचं नाही, फक्त पाणी ठेवायचं. लाडाने पेटीत झुरळ सोडलं असशील, आणि तू सोडणारच, तर आधी ते काढ, उरलेला राग मग वाच. तिचं अंगही आत्ता मऊ आहे, ते झुरळच तिला कुरतडेल. मग खरोखरीची डबी येईल, आणि तेव्हा हात धरायला मी कुणाला बोलावू, ते तूच सांग.

अजून तरी तुझीच,
मृणाली