आडवा दात

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून मी कोपरगावकर. पाथर्डीहून एसटीने बाबा सोडायला आले होते. वाटेत त्यांनी मला राहात्याचे पेरू घेऊन दिले आणि बॅग मला उचलूच दिली नाही. दातांचा दवाखाना बाजारपेठेत पहिल्या मजल्यावर आहे. पुढे दोन खुर्च्या, बाहेर पेशंटसाठी लांब बाक आणि मागे कवळ्या बनवायची खोली. तिथलं काम आता माझं. खोलीला लागूनच मला राहायला जागा आहे. खिडकीतून उसाचे ट्रॅक्टर जाताना दिसतात. इथले डॉक्टर, हर्षल सर, स्वभावाने बरे वाटले. पहिला चहा त्यांनीच मागवला.

रोजनिशी लिहायची सवय बाबांची. नऊ वर्षांची होईपर्यंत मी शाळा पाहिली नव्हती. आम्ही ऊसतोडीच्या टोळीबरोबर फिरायचो. संध्याकाळी बाबा ट्रॉलीच्या फळीवर कोळशाने अक्षरं काढायचे आणि मी ती गिरवायचे. ओळीतलं शेवटचं अक्षर ते कोयत्याच्या टोकासारखं वर ओढतात. माझंही तसंच जातं.

एक गोष्ट लिहायला लाज वाटते, पण वहीत खोटं लिहायचं नाही असं बाबांनीच सांगितलंय. सरांशी बोलताना बाबा मोकळेपणी हसले. त्यांच्या पुढच्या दातांत फट आहे, एक दात दुसऱ्यावर चढलेला आहे, वर आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याचे तपकिरी डाग. माझे दात तसेच आहेत, बाबांच्या आईचे, छबूआजीचेही तसेच होते. मी मनात म्हटलं, बाबा, तोंड मिटा. एसटी सुटेपर्यंत मी त्यांच्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
काम आवडतंय. सर पेशंटच्या हिरड्यांचं माप घेतात, मी त्यात प्लास्टर ओतून साचा काढते. मग साच्यावर मेण चढवून त्यात एकेक दात लावायचा. मेणातली कवळी आधी पेशंटच्या तोंडात घालून बघायची. पसंत पडली की पक्की करायची.

आज मनकर्णाबाई आल्या. गोदावरीकाठच्या वस्तीवर राहतात, मोठा मुलगा कारभारी त्यांना मोटारसायकलवर घेऊन आला. उरलेले चार दात सरांनी दिवाळीआधी काढले होते. त्याआधी घेतलेला साचा फळीवर ठेवलाय. त्यात पुढचा एक दात पार आडवा दिसतो. बाईंनी माझा हात धरून सांगितलं, पोरी, माजा दात व्हता तसाच आडवा बसव, सरळ बसवलास तर घरचे वळखायचे न्हाईत मला. कारभारी म्हणाला, म्हातारीला नटायचं पन हाय आन् जुनंबी ऱ्हायचं हाय. बाईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. आम्ही सगळे हसलो. मी नेहमीसारखी ओढणी तोंडावर धरून.

१० फेब्रुवारी, सोमवार
दात सरळ बसवला.

दोनदा आडवा लावून पाहिला, पण हात धजेना. मला वाटलं, जन्मभर लोक हसले असतील, आता तरी कशाला? मेणातली कवळी घालून बघायला बाई आल्या. आरसा धरला, पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्यांनी जीभ फिरवली आणि विचारलं, आडवा हाय ना गं? मी म्हटलं, हो आजी.

सरांनी साच्याशी ताडून पाहिलं तर, म्हणून त्या गेल्यावर जुना साचा फोडला आणि प्लास्टरच्या कचऱ्यात टाकला. मी असं वागत नाही कधी. जेवण गेलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार
मनकर्णाबाई कवळी घेऊन गेल्या. सरांनी काम फार वाखाणलं. मग माझ्याकडे बघत म्हणाले, इथे काम करणाऱ्या मुलीने तोंड झाकून हसावं हे बरं दिसत नाही, तुझे पुढचे चार दात घासून कॅप बसवू, ही माझ्याकडून भेट. दात एकदा घासला की परत येत नाही, हेही त्यांनी सांगितलं. विचार करायला वेळ दिला. मी घेतला नाही. घरी कळवलंही नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
कॅप बसल्या. चार दात, एका ओळीत, मोगऱ्याच्या कळ्यांसारखे. आरशासमोर ओढणी बाजूला ठेवून हसून पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं. चेहरा इतका बदलेल असं वाटलं नव्हतं.

दुपारी मनकर्णाबाई आल्या. हसतच सांगत होत्या, कुत्रं भुकतंय माज्यावर, नातू मांडीवर येत न्हाई, सून म्हनती कोन पावनी आलीय बघा. सर म्हणाले, सवय होईल. जाताना बाईंनी मला हळूच विचारलं, आडवाच हाय ना? मी परत हो म्हटलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी कारभारी धावत वर आला. म्हणाला, आमची म्हातारी काल सांजपासून घरी न्हाई, हितं आली का?

मनकर्णाबाई बाकावर बसलेल्या होत्या. दार उघडलं तेव्हापासून.

त्यांनी त्याला नावाने हाक मारली. तो वळला, त्यांच्याकडे नीट बघितलं आणि नम्रपणे म्हणाला, आजी, तुमी आमच्या आईला पाहिलं का? मला वाटलं चेष्टा करतोय. पण त्याचे डोळे रडून सुजले होते. मी सांगितलं, अहो, याच तुमच्या आई. तो चिडला. म्हणाला, माजी आई मला कळत न्हाई व्हय? आणि पोलीस चौकीत जातो म्हणून जिना उतरला.

बाई त्याच्या मागे गेल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
त्यांना सगळं सांगितलं. पाय धरले. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाल्या, मग आता आडवा करून दे.

साचा नाही. कचरा कधीच घंटागाडीत गेला. कवळीतला दात कापून फिरवायला घेतला आणि हात थांबला. कोणत्या बाजूला आडवा होता? आठवत नाही. तीन-चार दिवस साचा डोळ्यांसमोर होता, पण मी त्या दाताकडे कधी नीट पाहिलंच नाही. बघवत नव्हतं. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मी कुटं बगितला? आपलं त्वांड आपन बगतो का? घरच्यान्ला ठावं.

उजवीकडे फिरवला. मग डावीकडे. दोन्ही वेळा परकीच बाई.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
बाईंनी कवळी काढून माझ्या हातात दिली. नको म्हणाल्या.

कवळी काढल्यावर ओठ आत जातात, गाल बसतात. सगळ्यांचं होतं तसं. त्यांचं झालं नाही. तोंड रिकामं, तरी ओठ भरलेले — आत काहीतरी सरळ ओळीत उभं असल्यासारखे. बोट घालून पाहिलं. नुसत्या हिरड्या.

त्या रोज बाकावर बसतात. पेशंट त्यांच्या शेजारी बसत नाहीत.

१ मार्च, शनिवार
घरी व्हिडिओ कॉल केला. आईने उचलला. म्हणाली, कोन बाई तुमी? आमच्या संघमित्राला द्या फोन.

मी म्हटलं, आई, मीच, संघमित्रा. ती हसली, मग थांबली. बाबांना हाक मारून म्हणाली, पोरीचा फोन कुना दुसरीच्या हातात हाय. बाबांचा चेहरा आला. त्यांनी किती काळजीने पाहिलं — माझ्याकडे नाही, माझ्या मागे. मी दिसते का म्हणून.

फोन कट केला मीच.

४ मार्च, मंगळवार
सर ओळखतात मला. म्हणाले, न ओळखायला काय झालं, माझं काम आहे ते. माझ्या दातांकडे बघूनच म्हणाले. वर डोळ्यांपर्यंत आलेच नाहीत.

कॅप काढा म्हटलं. काढून आत काय आहे, असं विचारलं त्यांनी. चार खुंट.

आरशात आता मलाही — नको.

५ मार्च, बुधवार
बाबा आलेत.

बाहेर बाकावर, मनकर्णाबाईंजवळ. त्यांच्या शेजारी तेच एकटे बसले. मला बघून उभे राहिले. म्हणाले, म्याडम, आमची पोरगी हितं कामाला हाय. सर म्हणाले, हीच की तुमची पोरगी. बाबांना वाटलं सर गंमत करतायत. मान राखायला हसले. तेच दात. किती ओळखीचे.

मग मला खूण सांगितली, ती तोंड झाकून हसती बगा, लाजरी हाय.

मी ओढणी तोंडावर धरली. हसले. तशीच, पहिल्यासारखी —

बाबांचं हसू गेलं. म्हणाले, माज्या पोरीची नक्कल करता व्हय? गरिबाची?

आत पळून आले. चिमट्याने एक कॅप ओढली. रक्त. खाली नुसता खुंट. दुसरी निघत नाही.

अक्षर. अक्षर तर तेच आहे. शेवटचं अक्षर वर जातं. कोयता. ते बघतील तर कळेल त्यांना. ही वही नेऊन —

पण पहिल्या पानावर ते आहे. तोंड मिटा, बाबा. ते वाचल्याशिवाय पुढे —

पान फाडलं तर? नाही. खोटं नाही. त्यांनीच —

मनकर्णाबाई दारातून म्हणतायत, जा पोरी, तुला दावायला हाय तरी कायतरी.

बाबा निघाले. पिशवी घेतली. जिन्याकडे — बाबा, थांबा, वाचा, मी लाजले होते तुमच्या दा