चुकायची नोकरी

ती. चन्नप्पा दाजींच्या पायी सिद्धाप्पाचा नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे मंगळवारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. मंगळवेढ्याची ज्वारी पोटऱ्यात आली का? राजेश्वरीअक्काचा गुडघा कसा आहे? (ती ‘काय न्हाय’ म्हणेल. विश्वास ठेवू नका.)

तर दाजी, अक्कलकोट रोडच्या आमच्या चादरीच्या कारखान्यात तीस वर्षं मी चौकडीच्या कागदावर एकेक घर रंगवून मोर, कमळं, हत्ती काढतोय, हे तुम्ही जाणताच. एका मोराला बारा दिवस. यंदा मालकांची सून प्रियंका कॉम्प्युटर घेऊन आली आणि तिनं चहा निवायच्या आत मोर काढला. (देखणा होता, हे तुम्हाला म्हणून सांगतो.) मालक ईश्वरप्पांनी दोन्ही मोर मागावर चढवले आणि हैदराबादच्या व्यापाऱ्यापुढे टाकले. ज्याचा मोर तो घेईल तोच राहील, असं ठरलं.

व्यापाऱ्यानं माझाच उचलला. मी छाती फुगवतोय तोवर तो कोपऱ्यातल्या एका कोऱ्या घरावर बोट ठेवून म्हणाला, ही चूक आहे म्हणून घेतो, हातचं काम यावरूनच कळतं. दाजी, ती चूक नव्हे. दृष्ट लागू नये म्हणून एक घर कोरं सोडायचं, हा माझ्या गुरूंनी घालून दिलेला नेम. बाकीची हजारो घरं बिनचूक होती, तिकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

खरा धक्का पुढेच. मालकांनी बोलावून सांगितलं, “सिद्धाप्पा, मोर प्रियंका काढंल की. तू फकस्त चुकायचं. दर डिझाइनला एक, पण नवी.” प्रियंकानं स्वतः करून पाहिल्या, पण तिच्या चुका म्हणे फार नीटनेटक्या येतात. सोमवारपर्यंत नमुना दाखवला नाही तर मी घरी. तीन दिवस कागद घेऊन बसलोय. ब्रश मुद्दाम भलत्या घराकडे नेतो आणि हात आपोआप बरोबर घरावर उतरतो. लाज वाटते हो.

आपला,
सिद्धाप्पा

ता. क. तुमच्या लग्नात दिलेली चादर, माझ्या हातची पहिली, अजून आहे का? असली तर पत्र मिळताच पहिल्या एसटीनं पाठवा, सोमवारच्या आत पोचायला हवी. शेरडांच्या अंगावर घातली असली तरी चालेल, धुऊ मात्र नका.

ता. क. दुसरं. तिच्यावरच्या मोराला तीन पाय झाले होते. सगळा मांडव हसला, तुम्ही तेवढे तीच पांघरून बसलात. त्या दिवशी मी ठरवलं होतं, पुन्हा चुकायचं नाही.